ईस्टरची अंडी घरगुती नैसर्गिक रंगांनी रंगवताना रंग का बदलतो आणि का सुटतो?

एल्बेकाठ

नमस्कार. आम्ही गेली तीन वर्षे जर्मनीत ड्रेस्डेन येथे राहतो. मुलगा सहा वर्षांचा असून येथील बालवाडीत जातो. यंदा ईस्टर ५ एप्रिलला आहे. त्याच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक मुलाने घरून दोन प्रकारची अंडी रंगवून आणायची आहेत. फांद्यांच्या गुच्छावर टांगण्यासाठी आतून रिकामी केलेली दोन आणि सर्वांनी मिळून खाण्यासाठी कडक उकडलेली चार. येथे घरोघरी कळ्या आलेल्या फांद्या पाण्यात ठेवून त्यांना अशी अंडी टांगतात आणि त्या गुच्छाला ओस्टरश्ट्राउस म्हणतात.

मागील दोन वर्षे आम्ही दुकानातील रंगाच्या गोळ्या वापरल्या. यंदा मुलानेच विचारले की, हळदीने माझा सदरा रंगतो तर अंडे का रंगणार नाही? त्याचा प्रश्न मला योग्य वाटला, म्हणून गेल्या रविवारी आम्ही सहा पांढरी आणि चार तपकिरी अंडी घेऊन प्रयोग केला. सासूबाई सध्या आमच्याकडे आल्या आहेत आणि त्या अंडे खात नाहीत, त्यामुळे रंगासाठी एक वेगळे स्टीलचे पातेले काढून ठेवले आहे.

आता झाले ते सांगते. हळदीचे अंडे पिवळे झाले, पण त्यावर सर्वत्र गडद ठिपके उठले. बीट अर्धा तास उकळून त्याच्या पाण्यात अंडे ठेवले, ते बाहेर काढताना गुलाबी होते आणि वाळल्यावर मातकट झाले. जांभळा कोबी उकळला, त्या जांभळ्या पाण्यात व्हिनेगर घालताच ते गर्द गुलाबी झाले, आणि त्यातून अंडे मात्र निळे निघाले. ती निळाई सुंदर होती, परंतु अंगठा फिरवताच पांढऱ्या भुकटीसह निघून आली. फक्त कांद्याच्या सालींचा रंग नीट चढला. व्हिनेगर आम्ही प्रत्येक पेलाभर रंगाला दोन मोठे चमचे घातले होते. शिवाय येथे प्रत्येक अंड्यावर उत्पादनाचा सांकेतिक क्रमांक छापलेला असतो, तो पांढऱ्या अंड्यांवर रंगाखालूनही स्पष्ट दिसतो.

गुलाबी पाण्यातून निळे अंडे कसे निघते, रंग भुकटीसारखा का सुटतो, स्वयंपाकघरातील वस्तूंपासून खरोखरीचा लाल रंग मिळतो का, आणि रात्रभर रंगात राहिलेले अंडे मुलांना खायला देता येते का, हे कोणी अनुभवातून सांगू शकेल काय?

रंगशाळा

ताई, आपण निरीक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की उत्तर देणे सोपे झाले आहे. मी सुती कापडावर नैसर्गिक रंगांचे काम करतो, आणि गेली काही वर्षे शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबासाठी ईस्टरची अंडीही रंगवत आलो आहे. कापड आणि अंडे यांत मोठा फरक आहे, आणि तो ध्यानात आला की आपल्या बहुतेक शंका एकदम सुटतील.

सर्वांत आधी एक विनंती. आपली व्हिनेगरची बाटली पुन्हा एकदा पाहावी. जर्मनीत साध्या व्हिनेगरच्या शेजारीच एसिगएसेन्झ या नावाने २५ टक्के तीव्रतेचे अ‍ॅसेटिक आम्ल विकले जाते, तर स्वयंपाकाचे साधे व्हिनेगर ५ टक्के असते. पेल्याला दोन मोठे चमचे हे प्रमाण जर २५ टक्क्यांच्या द्रावणाचे असेल, तर आवश्यकतेपेक्षा दहापटीहून अधिक आम्ल आपल्या अंड्यांना मिळाले आहे, आणि ती पांढरी भुकटी म्हणजे विरघळू लागलेले कवच आहे.

अंड्याचे कवच जवळजवळ सर्वस्वी कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडू किंवा चुनखडी ज्या पदार्थाची असते त्याच पदार्थाचे असते, आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या साधारण एकतृतीयांश एवढीच असते. त्यावर बाहेरून प्रथिनांचा एक अतिशय पातळ थर असतो, जो कवचातील हजारो सूक्ष्म छिद्रे झाकून ठेवतो. व्हिनेगर आपल्याला दोन कामांसाठी हवे असते: हा थर थोडा सैल व्हावा आणि कवचाचा पृष्ठभाग किंचित खरबरीत व्हावा, म्हणजे रंगाला धरायला जागा मिळते. अंडे व्हिनेगरच्या पाण्यात सोडल्यावर त्याच्याभोवती जे बारीक बुडबुडे येतात, तो कार्बन डायऑक्साइड आहे. बुडबुडे थोडे असतील तर काम व्यवस्थित चालले आहे. अंडे फेसाळू लागले तर कवचाचा वरचा थर रंगासकट सुटू लागतो, कारण ज्या पायावर रंग बसला तो पायच खचतो. एक लिटर रंगाला ५ टक्क्यांचे व्हिनेगर तीन मोठे चमचे पुरते. २५ टक्क्यांचे असेल तर अर्धा मोठा चमचा पुरेल, आणि ते मोजण्याचे काम मुलाच्या हाती देऊ नये, कारण त्या तीव्रतेचे आम्ल डोळ्यांना आणि त्वचेला इजा करू शकते.

आता निळ्या अंड्याविषयी, कारण या सर्व प्रकारात मला तोच भाग सर्वांत सुंदर वाटतो. जांभळ्या कोबीतील रंगद्रव्ये अँथोसायनिन गटातील आहेत, आणि ती आम्लात गुलाबी, उदासीन पाण्यात जांभळी, तर अल्कलीच्या बाजूला झुकल्यावर निळी आणि पुढे हिरवी दिसतात. आपल्या पातेल्यातील पाणी आम्लयुक्त होते म्हणून गुलाबी दिसले. परंतु कवचाला अगदी लागून असलेले आम्ल कार्बोनेटशी संयोग पावून संपून जाते, त्यामुळे कवचात मुरलेल्या रंगद्रव्याला आम्ल भेटतच नाही आणि ते निळे होते. म्हणून पातेल्यातील रंगावरून अंड्याचा रंग ठरवू नये. अंडे बाहेर काढून निथळू द्यावे, वाळू द्यावे आणि मगच निर्णय घ्यावा. तपकिरी अंड्यावर हाच रंग निळसर हिरवा उमटतो, कारण खाली आधीच तांबूस छटा असते.

चांगल्या निळ्या रंगासाठी मध्यम गड्ड्याचा अर्धा भाग बारीक चिरून एक लिटर पाण्यात मंद आचेवर अर्धा तास ठेवावा, पूर्ण थंड झाल्यावर गाळावा आणि मगच व्हिनेगर घालावे. आधी उकडून गार केलेली अंडी त्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवावीत. दोन तासांत आकाशी रंग येतो आणि रात्रभरात मोरपंखाच्या जवळ जाणारा गडद निळा येतो. पहिल्या अर्ध्या तासात दोन-तीनदा अंडी चमच्याने फिरवावीत, नाही तर जेथे बुडबुडा चिकटून राहील तेथे पांढरा ठिपका राहील.

हळदीच्या ठिपक्यांचे कारण वेगळे आहे. हळदीतील कर्क्युमिन पाण्यात फारसे विरघळत नाही, त्यामुळे पूड तरंगत राहते आणि तिचा कण जेथे टेकेल तेथे गडद डाग पडतो. एक लिटर पाण्यात तीन मोठे चमचे हळद दहा मिनिटे उकळावी, तासभर स्थिर ठेवावी आणि वरचे पाणी जुन्या मलमलीतून दोनदा गाळून घ्यावे. हळदीचा रंग पटकन चढतो, अर्धा तास पुरतो. मात्र उन्हात तो लवकर उडतो, म्हणून टांगायच्या अंड्यांसाठी खिडकीजवळची फांदी निवडू नये.

हिरव्या रंगासाठी पालक उकळण्याचा सल्ला अनेक ठिकाणी वाचायला मिळतो, पण माझ्या हाती त्यातून कधीही समाधानकारक हिरवा आला नाही. त्यापेक्षा अंडे आधी हळदीत अर्धा तास ठेवावे, वाळवावे आणि मग कोबीच्या रंगात पाच-दहा मिनिटे बुडवावे. पोपटी हवा असेल तर लवकर काढावे, गडद हवा असेल तर आणखी थांबावे.

बिटाच्या बाबतीत मी आपल्याला फार आशा दाखवणार नाही. बिटातील बीटानिन उष्णतेने मोडते आणि तपकिरी होत जाते, आणि अर्धा तास उकळल्यावर त्यात फारसे उरत नाही. कच्चे बीट किसून, पिळून, न उकळता तो रस व्हिनेगरसह वापरला तर फिकट गुलाबी रंग मिळतो, परंतु तो ओल्या हाताला लागतो. गुलाबीचा हट्ट नसेल तर बीट कोशिंबिरीसाठी ठेवावे.

एल्बेकाठ

आत्ताच बाटली पाहिली. तिच्यावर २५ असा आकडा ठळक छापलेला आहे आणि तो माझ्या लक्षातच आला नव्हता. रविवारी अंड्यांभोवती फेस आला तेव्हा मुलगा आनंदाने टाळ्या वाजवत होता आणि मीही तसेच व्हायचे असेल असे समजले. आपण वेळेवर सांगितलेत, मनःपूर्वक आभार. बाटली वरच्या फडताळात ठेवून दिली आहे आणि उद्या साधे व्हिनेगर आणते.

कांद्याच्या सालींविषयी मात्र आपण काही लिहिले नाहीत. लाल रंगाची आशा त्यातूनच आहे का?

अथेन्समुक्काम

लाल रंगाचे उत्तर मी देते, कारण ज्या देशात मी सात वर्षे राहत आहे तेथे ईस्टरचे अंडे म्हणजे लालच अंडे. ग्रीसमध्ये पवित्र आठवड्यातील गुरुवारी अंडी रंगवतात आणि त्या दिवसाला काही ठिकाणी लाल गुरुवार असेच म्हणतात. लाल रंग ख्रिस्ताच्या रक्ताची आठवण मानला जातो. ऑर्थोडॉक्स पंचांगानुसार यंदाचा ईस्टर १२ एप्रिलला येत असल्यामुळे आमची अंडी आपल्यापेक्षा एक आठवडा उशिरा रंगतील.

आज बहुतेक घरांत दुकानातील लाल पूड वापरतात, पण माझ्या घरमालकीणबाई अजूनही कांद्याच्या सालींनीच रंगवतात, आणि दोन वर्षे मी त्यांच्या शेजारी उभी राहून ते शिकले. मला प्रथम आश्चर्य वाटले ते याचे की, त्या लाल कांद्याची नव्हे तर पिवळ्या कांद्याची कोरडी साले घेतात. लाल कांद्याच्या सालींचा रंग माझ्या हातून एकदा तांबूस, एकदा जांभळट आणि एकदा चक्क हिरवट करडा आला, त्याचा भरवसा धरता येत नाही. पिवळ्या सालींचा रंग मात्र नारिंगीपासून सुरू होऊन विटकरी आणि शेवटी गर्द तांबडा होत जातो.

पंधरा कांद्यांची कोरडी साले, एक लिटर पाणी आणि तीन मोठे चमचे साधे व्हिनेगर, मंद आचेवर पाऊण तास. त्यानंतर पाणी पूर्ण गार होऊ द्यायचे. त्या बाई गार रंगातच कच्ची अंडी सोडून हळूहळू तापवतात, कारण फ्रीजमधील अंडे उकळत्या पाण्यात टाकले की तडकते. पाण्याला उकळी आल्यावर दहा-बारा मिनिटे शिजवून पातेले उतरवायचे आणि अंडी रंगातच गार होऊ द्यायची. रंग जास्त गडद हवा असेल तर पातेले तसेच फ्रीजमध्ये ठेवतात. रंग गडद व्हावा म्हणून अंडी अर्धा-पाऊण तास उकळत ठेवू नयेत, कारण इतका वेळ शिजले की पिवळ्या बलकाभोवती हिरवट कडे येते. ते अपायकारक नसते, पण मुले ते पाहून अंडे बाजूला सारतात.

कुंकवासारखा लाल रंग आपल्याला मिळणार नाही, हे मनाशी धरूनच चालावे. मिळतो तो जुन्या विटेचा, पिकलेल्या चिंचेच्या सालीचा तांबडा. त्यातही तपकिरी अंडी घेतली तर पांढऱ्यापेक्षा अधिक खोल रंग येतो, त्यामुळे आपली चार तपकिरी अंडी कांद्यासाठी राखून ठेवावीत. वाळल्यावर कापसाच्या बोळ्याला ऑलिव्ह तेल लावून अंडी हलके पुसली की तोच रंग तुकतुकीत आणि एका छटेने लाल दिसू लागतो. आपले गोडेतेलही चालेल.

रंगवलेले पहिले अंडे माता मरियेचे मानतात. ते घरातील मूर्तिचित्रांपाशी वर्षभर ठेवतात आणि पुढच्या ईस्टरला बदलतात. बाकीची अंडी शनिवारी मध्यरात्रीच्या प्रार्थनेनंतर टोकाला टोक लावून फोडण्याच्या खेळासाठी असतात. एकजण ‘ख्रिस्त उठला आहे’ म्हणतो, दुसरा ‘खरोखर उठला आहे’ असे उत्तर देतो, आणि ज्याचे अंडे शेवटपर्यंत शाबूत राहील त्याचे वर्ष चांगले जाते असे मानतात. आपल्या मुलाच्या वर्गात हा खेळ सुचवून पाहावा. त्यासाठी लहान, टोकदार अंडी निवडावीत.

वसईकर

मी वसईचा ख्रिस्ती असल्यामुळे हा धागा फार आपुलकीने वाचला. आमच्याकडे ईस्टरला घरी अंडी रंगवण्याची प्रथा फारशी नाही. आमच्या लहानपणी ईस्टरचे अंडे म्हणजे बेकरीतून आणलेले मार्झिपानचे किंवा चॉकलेटचे अंडे, ज्याच्यावर साखरेची फुले आणि कधी नाव काढलेले असे. परंतु युरोपात ही प्रथा का रुजली याचे एक साधे कारण आमच्या चर्चमध्ये एका धर्मगुरूंनी समजावून सांगितले होते, ते मला पटले. मध्ययुगात ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. कोंबड्या मात्र वसंत ऋतूत भरपूर अंडी घालत राहात. ती साठत जात, आणि उपवास सुटण्याच्या दिवशी ती रंगवून वाटणे ओघानेच आले. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या घरखर्चाच्या १२९० सालच्या नोंदीत ४५० अंड्यांसाठी १८ पेन्स खर्च केल्याचे आढळते, आणि ती अंडी रंगवून किंवा सोन्याचा वर्ख लावून वाटण्यासाठी होती.

आता माझा अनुभव. गेल्या दोन ईस्टरला पुतण्यांसाठी मी घरी अंडी रंगवली. येथे पोल्ट्रीची पांढरी अंडी सहज मिळतात, त्यामुळे निळा आणि पिवळा रंग स्वच्छ येतो. आमच्याकडील नाशिकच्या लाल कांद्याची साले वापरून मलाही अथेन्सच्या ताईंसारखाच बेभरवशाचा अनुभव आला. एक घाणा तांबूस, एक करडा. मग मी त्याऐवजी अंबाडीची लाल बोंडे वाळवून वापरली. जर्मनीत हीच बोंडे जास्वंदीचा चहा म्हणून मिळतात, असे माझ्या बहिणीने सांगितले. हा काढा स्वतःच इतका आंबट असतो की त्यात व्हिनेगर घालू नये, नाही तर पुन्हा तोच फेस आणि तीच भुकटी. रंग लाल येईल या आशेने मी अंडे बुडवले आणि ते जांभळट करडे, कडेला जवळजवळ काळे आणि मध्ये चांदण्यांसारखे ठिपके घेऊन निघाले. लाल अंडे मिळाले नाही, पण रात्रीच्या आकाशासारखे ते अंडे पुतण्यांनी सर्वांत आधी उचलले. वाळेपर्यंत त्याला हात लावू नये, कारण ओले असताना वरचा थर पुसला जातो.

आणखी एक गोष्ट मुलांना नक्की आवडेल. कोथिंबिरीचे किंवा गाजराच्या पाल्याचे एक नाजूक पान ओल्या अंड्यावर नीट पसरून चिकटवावे, त्यावर जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा घट्ट ओढून मागे दोऱ्याने बांधावा आणि अंडे कांद्याच्या रंगात सोडावे. रंग वाळल्यावर मोजा कापून पान काढले की पानाची जाळी पांढरी उमटलेली दिसते. मोजा सैल राहिला तर रंग पानाखाली शिरतो, त्यामुळे बांधण्याचे काम मोठ्यांनी करावे आणि पान निवडण्याचे काम मुलांकडे द्यावे.

लाउझिट्झजवळ

रिकाम्या अंड्यांविषयी अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. मी बाउत्झेनमध्ये नोकरी करते, म्हणजे आपण आणि मी रेल्वेने तासाभराच्या अंतरावर आहोत.

छापील क्रमांक काढण्यासाठी कापडाचा बोळा साध्या व्हिनेगरमध्ये बुडवून त्या जागी हलके चोळावे, शाई निघून येते. लगेच पाण्याने धुवावे. तेवढीच जागा जास्त खरबरीत झाली तर तेथे रंग गडद बसतो, म्हणून मी पूर्ण अंड्यावरूनच एकदा तो बोळा फिरवते. त्याचा दुसरा फायदा असा की, युरोपात विकायची अंडी धुतलेली नसतात, त्यांच्यावरचा नैसर्गिक थर शाबूत असतो, आणि तो सगळीकडे सारखा सैल झाला तर रंग एकसमान चढतो.

अंडे रिकामे करताना आधी ते कोमट साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवावे, कारण पुढे त्याला तोंड लावायचे असते. दोन्ही टोकांना जाड सुईने छिद्र पाडावे, खालचे थोडे मोठे असावे. सुई आत घालून बलक फोडावा आणि वरून फुंकर घालावी. मुलाकडून फुंकून घेण्याऐवजी रबरी पिचकारीने हवा भरावी, ते अधिक सुरक्षित आहे. आत पाणी भरून दोनदा खळबळवावे आणि दिवसभर पालथे वाळत ठेवावे. रंगात असे अंडे तरंगते, एक बाजू कोरी राहते आणि हैराण व्हायला होते. त्यावर उपाय म्हणजे बुडवण्यापूर्वी अंड्यातच तो रंग भरून घ्यावा आणि वरून वाटीने दाबून ठेवावे. रंग थंडच असावा.

आपण इतक्या जवळ आहात तर येथील सोर्ब लोकांची अंडी एकदा अवश्य पाहावीत. सोर्ब हे जर्मनीतील स्लाव वंशाचे अल्पसंख्य लोक असून त्यांची अंडी रंगवण्याची परंपरा फार जपलेली आहे. हंसाच्या पिसाचे टोक त्रिकोणी किंवा चौकोनी कापतात, ते वितळलेल्या मेणात बुडवून अंड्यावर ठसे उमटवतात, मग अंडे रंगात घालतात. मेणाखालची जागा कोरी राहते. शेवटी मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरून मेण पुसून काढतात. त्रिकोणांच्या ओळीला लांडग्याचे दात म्हणतात आणि ते वाईटापासून रक्षण करतात असे मानले जाते. मेणाचा ठसा घातलेले अंडे गरम रंगात चालत नाही, त्यामुळे आपला कोबीचा थंड रंग या कामाला अगदी योग्य आहे. हे सहा वर्षांच्या मुलाला अवघड वाटले, तर कांद्यात गडद रंगवलेल्या अंड्यावर आपण बोथट सुरीच्या टोकाने रेघा खरवडून द्याव्यात. खालचे पांढरे कवच उघडे पडते आणि नक्षी दिसते. ही खरवडण्याची पद्धतही येथील जुनीच आहे.

युक्रेनची मेणाने लिहिलेली अंडी तर सर्वांना ठाऊक असतातच. पिसांका नावाच्या त्या कलेची नोंद डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत युक्रेन आणि एस्टोनिया यांच्या नावे झाली. ती अंडी शोभेची असतात. खाण्यासाठीची उकडलेली, एकरंगी अंडी तेथे वेगळी असतात आणि त्यांना क्राशांका म्हणतात. आपल्या बालवाडीनेही नेमका हाच भेद केलेला आहे, हे पाहून मला बरे वाटले.

रंगशाळा

खाण्याविषयीचा प्रश्न राहिला होता. वापरलेली प्रत्येक वस्तू स्वयंपाकातील असेल आणि भांडे स्टीलचे किंवा काचेचे असेल, तर रात्रभर रंगात राहिलेले अंडे खाण्यास हरकत नाही, मात्र ती रात्र त्याने फ्रीजमध्ये काढलेली असावी. उकडलेले अंडे बाहेर दोन तासांहून अधिक राहू देऊ नये आणि आठवड्याच्या आत संपवावे. तडकलेली अंडी त्याच दिवशी खावीत. आतील पांढऱ्या भागावर निळ्या रेघा उतरल्या असतील तर त्या कोबीच्याच आहेत. कापडाच्या कामात आम्ही तुरटी आणि लोहाचे क्षार वापरतो, त्यांची येथे काहीही आवश्यकता नाही. लोखंडी कढईत कांद्याची साले उकळू नयेत, त्यांचा रंग लोहामुळे काळपट हिरवा होतो.

आणि सोलायला सोपी हवी असतील तर उकडण्यासाठी अगदी ताजी अंडी घेऊ नयेत. आठवडाभर ठेवलेल्या अंड्याचे कवच सहज सुटते.

एल्बेकाठ

काल दुसरा प्रयोग केला, त्याचा वृत्तान्त देणे माझे कर्तव्य आहे.

साधे व्हिनेगर, लिटरला तीन चमचे. फेस आला नाही, फक्त बारीक बुडबुडे आले, आणि मुलगा थोडा हिरमुसला. पण सकाळी फ्रीज उघडून कोबीच्या पातेल्यातून त्याने स्वतः निळे अंडे बाहेर काढले, अंगठा घासून पाहिला आणि बोट कोरडे राहिले, तेव्हा तो ते घेऊन घरभर फिरला. रात्रभर ठेवलेली दोन अंडी गडद निळी आहेत, तीन तासांची दोन आकाशी आहेत. हळद दोनदा गाळल्यामुळे एकही ठिपका उठला नाही. कांद्याची चार तपकिरी अंडी गोडेतेलाने पुसल्यावर खरोखरच चिंचेच्या सालीसारखी तांबडी दिसत आहेत, आणि त्यांतील एकावर कोथिंबिरीचे पान उमटले आहे. दुसऱ्या अंड्यावरचा मोजा सैल राहिला, तेथे पानाऐवजी एक पुसट डाग आहे.

सासूबाई दोन्ही दिवस स्वयंपाकघराच्या दारातूनच पाहत होत्या. हळद गाळताना ओट्यावर आधी सांडलेल्या खाण्याच्या सोड्यावर तिचे पाणी पडले आणि तेथे तांबूस डाग उठला. मी घाबरून पुसायला गेले तर त्यांनी थांबवले आणि नातवाला जवळ बोलावून सांगितले की, हळदीला चुना लागला की अशीच लाल होते, आणि त्यांच्या माहेरी कुंकू असेच घरी करत असत. मग त्यांनी स्वतःहून वाटीत थोडी हळद आणि सोडा कालवून दाखवला, आणि त्यात लिंबू पिळून तो पुन्हा पिवळा करून दाखवला. अंड्याला त्यांनी हात लावला नाही, परंतु टांगायच्या दोन अंड्यांसाठी दोरा त्यांनीच वळून दिला आहे.

एक शंका अजून आहे. हळदीचे पाणी सोडा घालून लाल केले आणि त्यात अंडे बुडवले, तर तो लाल टिकेल का?

रंगशाळा

टिकणार नाही, ताई. हवेत वाळताना आणि हाताळताना तो हळूहळू तपकिरी पिवळ्याकडे परततो, आणि सोड्यामुळे कवच खरबरीत होण्याचे कामही होत नाही, त्यामुळे रंग वरवरच बसतो. लाल रंगासाठी आपली कांद्याचीच चार अंडी न्यावीत. मुलाला मात्र हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या टिपकागदाच्या पट्ट्या करून द्याव्यात. साबणाचे पाणी, लिंबू, अंड्याचा कच्चा पांढरा भाग, यांतील कशाने पट्टी लाल होते आणि कशाने होत नाही, हे त्याला एकेक थेंब टाकून पाहता येईल. कच्च्या अंड्याला हात लावल्यावर तेवढे हात साबणाने धुवायला सांगावे.

लाउझिट्झजवळ

दोरा वळलेलाच आहे तर तो अंड्यातून आरपार ओवू नका. काडेपेटीच्या काडीचा अर्धा तुकडा मधोमध दोऱ्याने बांधून वरच्या छिद्रातून उभा आत सोडा आणि दोरा हलकेच ओढा, काडी आत आडवी बसते आणि अंडे सरळ लटकते. छिद्र लहान असेल तर काडी आधी उभी चिरून अरुंद करून घ्यावी.

एल्बेकाठ

काडी बसली. दोन्ही अंडी सध्या स्वयंपाकघरातील पडद्याच्या दांडीला लटकत आहेत, खिडकीपासून दूर, आणि सोमवारी सकाळी कापसात गुंडाळून नेणार आहोत.